तो अमेरिकेला गेल्यावर कादंबरी बसते, तिचं काय करायचं

तुमचं हस्तलिखित पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि मला ते आवडलंय हे आधी सांगते कारण पुढे बरंच काढून टाकायला सांगणारे.

गोष्ट थोडक्यात अशी. सांगलीच्या गावभागातला वाडा, समोरासमोरच्या दोन बिऱ्हाडांत वाढलेली रेवा आणि मंदार, दोघं १९७८ ची. मंदार इंजिनिअरिंग करून २००० साली एच-वन-बी वर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला जातो, रेवा मागे राहून वडिलांचा छापखाना चालवते, सहा-सात वर्षं फोन आणि ईमेलवर जातात, त्यात प्रेम होतं, शेवटी तो परत येतो आणि मुंबईच्या विमानतळावर कादंबरी संपते. तुम्ही विचारलंय की तो गेल्यावर गोष्ट एकदम संथ का होते, वाचलेल्या मैत्रिणी 'ही दोघं भाऊबहीण वाटतात' असं का म्हणतात, आणि सगळी कादंबरी पत्रांतूनच लिहिली तर बरं पडेल का. शेवटाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही पण मी बोलणारे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे.

मी गेली बरीच वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करतेय आणि बालमैत्रीतून प्रेम, मग एकजण परदेशी, हा विषय माझ्याकडे सतत येतो. येणारच, कारण मराठी मध्यमवर्गातल्या एका अख्ख्या पिढीचं ते खरंखुरं आयुष्य आहे. पण त्यातल्या बहुतेक लेखकांनी अंतराला खलनायक केलेलं असतं, म्हणजे प्रेम आधीच तयार आहे आणि मग मधे समुद्र आला आणि आता ते टिकतं का बघा. तुमच्याही हस्तलिखितात तसंच झालंय. आता नीट बघा, तुमच्या गोष्टीत तो जायच्या आधी प्रेम कुठे आहे? माझ्या वाचनात तरी नाहीये. ओढ आहे, सवय आहे, हक्क आहे, पण प्रेम नाही. ते तो गेल्यामुळे झालंय. तुमच्या गोष्टीत अंतर विघ्न म्हणून आलेलंच नाही, ते प्रेमाचं कारण आहे, आणि हे तुम्हीच लिहिलंय, फक्त तुमच्या लक्षात आलेलं नाही बहुतेक. एवढं एक मान्य केलंत की बाकीचे प्रश्न त्याच्या मागोमाग सुटत जातात.

भाऊबहीण वाटण्याचंच घ्या. मैत्रिणी बरोबर बोलल्या. लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांबद्दल शारीरिक ओढ सहसा वाटत नाही असं फिनलंडच्या एडवर्ड वेस्टरमार्कनी १८९१ मध्येच मांडलं होतं, पुढे इस्राएलमधल्या किबुत्झच्या, म्हणजे तिथल्या सामूहिक वस्त्यांमधल्या, मुलांचा अभ्यास झाला तेव्हाही तसंच दिसलं, एका गटात वाढलेली मुलंमुली मोठी झाल्यावर जवळजवळ एकमेकांशी लग्नच करत नव्हती, कुणी मनाई केलेली नसताना. वाचकाला हे नाव माहीत नसतं पण आतून जाणवतं, त्यामुळे तुम्ही एकशेचाळीस पानं त्यांना एका ताटात जेवायला घातलंत, एका पांघरुणात झोपवलंत आणि मग एकशेएक्केचाळिसाव्या पानावर फोनवर गळा दाटून आणलात तर वाचक बिचकतो. त्यात आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी तुम्ही पूर्ण वगळलीये. वाड्यातला समोरचा मुलगा मराठी घरात भाऊ म्हणूनच वाढतो. भाऊबीजेला रेवाची आई तिला ताट घेऊन समोरच्या घरात पाठवणारच की, 'त्याला बहीण नाही, ओवाळून ये'. वर्षानुवर्षं तिने त्याला ओवाळलेलं असणार, त्याने तबकात पन्नास रुपये टाकलेले असणार. आणि हे तुमच्या हस्तलिखितात कुठेच नाही! हे टाळून चालणार नाही, उलट यातच खरी ठिणगी आहे. एखाद्या वर्षी, समजा ती सतरा-अठरा वर्षांची असताना, ती ओवाळायला जात नाही. डोकं दुखतंय म्हणते. आई काही बोलत नाही, पण समोरच्या काकूंच्या लक्षात येतं. त्यालाही येतं, तोही काही विचारत नाही. एवढा एकच प्रसंग नीट लिहा, अडीच-तीन पानांत, कुणाच्याही तोंडी 'प्रेम' हा शब्द न घालता. भाऊबहिणीची शंका तिथे मिटेल, कारण शंका वाचकाच्या आधी त्या दोघांनाच आलेली असेल.

शिवाय दोन घरांची जात वेगळी आहे हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. वाड्यात खेळताना, जेवताना जे कुणाला खटकत नव्हतं ते लग्नाचा विषय निघाल्यावर खटकायला लागतं, हा आपल्याकडचा सगळ्यात क्रूर बदल आहे आणि तो प्रेमळ माणसंच घडवतात. काकूंना रेवा पोटच्या पोरीसारखी आहे आणि सून म्हणून नकोय, दोन्ही खरं. त्याला जागा द्या. खलनायक न करता द्या.

आता लहानपणाची ती एकशेचाळीस पानं. चिंचा, बोरं, सागरगोटे, पेप्सीकोला, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या गच्चीवरच्या गाद्या, हे सगळं माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असतं. वाचायला गोड असतं आणि त्याने गोष्ट एक इंचही पुढे जात नाही. तुमच्याकडे त्याहून चांगलं सामान आहे आणि ते तुम्ही घाईत उरकलंय. नदीत पाठीला भोपळा बांधून दोघं पोहायला शिकतात तो प्रसंग अर्ध्या पानात, हरिपूरला संगमावर घरी न सांगता सायकलवर जाऊन येतात तो चार ओळींत. त्या हरिपूरच्या दिवशी घरी खोटं कोण बोललं, मार कुणी खाल्ला आणि दुसरा गप्प का बसला, हे मला वाचायचं होतं. बालमैत्री म्हणजे एकमेकांची खोटी बोलणी सांभाळणं, ते दाखवा.

आणि अजून एक गोष्ट पेरा. लहानपणीच्या मित्रांना एकमेकांबद्दल न सांगता कळत असतं. तो सायकल स्टँडवर कशी लावतो त्या आवाजावरून रेवाला कळतं की आज त्याचं घरी भांडण झालंय. ती पायरीवर कशी बसलीये त्यावरून त्याला कळतं की हिने निकाल लपवलाय. सांगावं लागतच नाही काही. अशा तीन-चार जागा पहिल्या भागात घट्ट रोवून ठेवा कारण पुढची सगळी कादंबरी त्यांवर उभी राहणार आहे. तो न्यू जर्सीला गेला की सायकलचा आवाज गेला, पायरी गेली. आता प्रत्येक गोष्ट सांगावी लागणार. आणि सांगायची म्हटली की काय सांगायचं, काय गाळायचं हे ठरवावं लागणार. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांना एकमेकांपासून लपवता येणार आहे. इतकी वर्षं उघड्या दारासारखं असलेलं माणूस अचानक थोडं अनोळखी होतं, त्याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागतं, तो आत्ता कुठे बसलाय, कुणाबरोबर जेवतोय, खरं बोलतोय का. त्या कुतूहलातूनच तुमचं प्रेम जन्माला येतंय.

दुसरा भाग संथ का वाटतो तेही इथेच कळेल. तुमची दोघं फोनवर एकमेकांना सगळं खरं सांगतात. पानंच्या पानं. आज काय खाल्लं, ऑफिसात काय झालं, आठवण येते, बर्फ पडतोय. लपवलेलं काहीच नाही, मग वाचक कशासाठी पान उलटणार? प्रत्येक फोन लिहिताना स्वतःला विचारा की या फोनमध्ये कोण काय सांगत नाहीये. उत्तर 'काही नाही' असेल तर तो फोन कापा, कितीही गोड असला तरी.

उदाहरण देते. तुम्ही ११ सप्टेंबर २००१ ला एक अख्खं प्रकरण दिलंय, सांगलीत संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराची वेळ, फोन लागत नाही, टीव्हीवर धूर, शेवटी रात्री उशिरा त्याचा आवाज ऐकू येतो. चांगलं लिहिलंय पण त्या सालातली प्रत्येक अमेरिकेची गोष्ट तिथे थांबतेच, आणि तुमच्या दोघांच्यात त्याने काही बदलत नाही. बदलायला पाहिजे ते त्यानंतर. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा आधीच फुटलेला होता, प्रोजेक्टं बंद पडत होती, कन्सल्टन्सीवाले पोरांना बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवत होते, आणि एच-वन तर नोकरीलाच बांधलेला, नोकरी गेली की तिथे राहायचा हक्कच डळमळीत. मंदारची नोकरी त्या हिवाळ्यात जाऊ द्या. आणि त्याने ती रेवाला सांगू नये. दर रविवारी फोन करून ऑफिसच्या गोष्टी रचून सांगाव्यात. ज्या पोरीला सायकलच्या आवाजावरून कळायचं तिला आता कळत नाहीये, किंवा कळतंय पण विचारता येत नाहीये. आणि तिकडे रेवाकडे एक स्थळ बघून गेलंय, तेही तिने सांगितलेलं नाही. आता बघा हं, तोच फोन, तेच 'जेवलीस का', पण वाचक श्वास रोखून वाचेल.

फोनबद्दल अजून थोडं बोलायचंय कारण तुम्ही सगळे फोन एकाच पद्धतीने लिहिलेत, दोन माणसं निवांत बोलतायत असे. तेव्हा तसं नव्हतं. २००० साली भारतातून अमेरिकेला फोन करणं मिनिटाला पन्नास-साठ रुपयांच्या घरात होतं, बूथवर बसलं की समोर मीटरचे लाल आकडे पळायचे आणि माणूस आकड्यांकडे बघत बोलायचं. म्हणून फोन बहुतेक तिकडून यायचा, कॉलिंग कार्डवर. कार्ड संपत आलं की मधेच एक बाई इंग्रजीत सांगायची की एक मिनिट उरलंय, आणि महत्त्वाचं वाक्य हटकून त्या शेवटच्या मिनिटासाठी राहिलेलं असायचं. २००२ च्या एप्रिलमध्ये परदेशी फोन जोडणाऱ्या व्हीएसएनएल कंपनीची मक्तेदारी संपली आणि परदेशी कॉलचे दर भराभर उतरले. २००३ मध्ये मोबाईलवरचे इनकमिंग फुकट झाले. म्हणजे तुमच्या गोष्टीच्या मधोमध बोलण्याची किंमतच बदलते! सुरुवातीला चार मिनिटं मिळायची आणि सांगायला खूप असायचं, नंतर तासभर मिळायला लागला आणि काय बोलावं कळेना. हा बदल मी तरी मराठी कादंबरीत नीट लिहिलेला फारसा पाहिलेला नाही, तुमच्याकडे तो आयता आहे.

आणि फोन कुठे असायचा? हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालावर. वडील पेपर वाचतायत, आई कान देऊन भाजी निवडतेय. त्याही आधी घरात फोन नसेल तर शेजाऱ्यांचा पीपी नंबर, मग ते 'रेवाऽ फोन' म्हणून अख्ख्या वाड्याला ओरडून सांगणार. अशा ठिकाणी कुठली प्रेमाची वाक्यं बोलता येणार? मी तुमचा एकोणिसाव्या प्रकरणातला फोन असा करून बघितला, फक्त तिची बाजू ठेवून:

'हॅलो. हो, बोल. हो, आहेत, इथेच आहेत. झालं. नाही अजून. कोण म्हणालं? नाही रे. बरं. बरं. पाऊस नाहीये इथे. हो. हो म्हटलं ना. बाबा, मंदार आहे, बोलताय का?'

तुमच्या मूळ साडेचार पानांत होतं ते सगळं यात आहे असं मी म्हणणार नाही, पण तो पलीकडे काय विचारत असेल हे वाचक स्वतः भरतो, आणि 'हो म्हटलं ना' हे तिने कशाला म्हटलं ते कुणालाच सांगावं लागत नाही. 'बाबा, बोलताय का' म्हणून ती फोन सोडून का देते तेही सांगू नका.

वेळेचा हिशोब मात्र काटेकोर ठेवा, तुमच्याकडे तो तीन ठिकाणी चुकलाय. न्यू जर्सी आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. २००६ पर्यंत तिकडचं घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायचं, २००७ पासून ते मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार झालं. हे रुक्ष वाटेल पण बघा याचं काय करता येतं. २००३ चं लक्ष्मीपूजन २५ ऑक्टोबरला, शनिवारी होतं, आणि दुसऱ्याच दिवशी, पाडव्याला, तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं. रेवा पाडव्याच्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोनपाशी येऊन बसलीये, घरात पाहुणे, फोन वाजत नाही. तासभर. तिला वाटतं विसरला, किंवा आणखी काही. तो तिकडे आपल्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर फोन करतो. त्या एका तासात तिच्या मनात काय काय होऊन गेलं ते तो कधीच जाणणार नाही, आणि ती हसून 'हॅपी दिवाळी' म्हणते. हे मी रचलं ते फक्त कॅलेंडर उघडून. असं करत जा. खऱ्या तारखा शोधल्या की प्रसंग सापडतात.

पत्रांच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, पूर्ण कादंबरी पत्रांत करू नका. पत्रात माणूस फक्त बोलतो, गप्प बसलेला दिसत नाही, आणि तुमच्या गोष्टीचा अर्धा जीव गप्प बसण्यात आहे. पण पहिली दीड-दोन वर्षं पत्रं ठेवा, एअरोग्राम, दहा-बारा दिवसांनी पोचणारी. त्यात एक मजा मिळते की उत्तर येईपर्यंत प्रश्न बदललेला असतो. तिने रागाने लिहिलेलं पत्र अजून रस्त्यात आहे आणि मधल्या फोनवर दोघांचं गोड बोलणं झालंय, आता ते पत्र पोचणार आणि तिला ते थांबवता येत नाही. त्यानंतर सायबर कॅफे आणा, प्लायवूडच्या खोपट्यातला, मागे कुणीतरी रांगेत उभं. याहू मेसेंजरवर ती इन्व्हिजिबल होऊन बसते आणि त्याचा पिवळा चेहरा उजळलेला बघत राहते, तो ऑनलाईन आहे, कुणाशी तरी बोलतोय, तिच्याशी नाही. ऑर्कुट, तेव्हाचं फेसबुकसारखं, २००४ चं, आणि तिथला स्क्रॅप, म्हणजे उघडा निरोप, तर अख्खी सांगली वाचणार.

ईमेलची भाषा हा तुमच्याकडे न वापरलेला खजिना आहे. रेवाच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर श्रीलिपी आहे, ती दिवसभर मराठीत लग्नपत्रिका करते, पण मंदारकडे तो फॉन्ट नाही, त्यामुळे तिने मराठीत टाईप करून पाठवलं की त्याच्याकडे नुसता कचरा दिसणार. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधीचे दिवस ते. म्हणून मग दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, आणि त्यात माणूस तुटक होतो, लहान होतो, नाजूक काही लिहिवत नाही. पुस्तकात ते देवनागरीतच छापा, नाहीतर वाचायला त्रास, पण वाक्यं तोकडी ठेवा म्हणजे फरक जाणवेल. आणि मग एकदा, फक्त एकदाच, रेवाला जुन्या केसमधले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून एक पत्र कंपोझ करू दे. ट्रेडलवर, त्या जुन्या छपाईयंत्रावर, एकच प्रत काढायची, पाकिटात घालायची, आणि खिळे लगेच सोडून परत केसमध्ये टाकायचे, म्हणजे दुसरी प्रत निघणारच नाही. पत्रात काय लिहिलंय ते वाचकाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी दाखवणार नाही.

छापखाना तुम्ही निवडलात याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा सीझन सुरू, दिवसरात्र दुसऱ्यांच्या लग्नाच्या तारखा छापायच्या, आणि येणारा प्रत्येक जण विचारणार, 'तुझी कधी छापायची?' हे वाक्य हस्तलिखितात एकदा आलंय, तीनदा आलं तरी चालेल, प्रत्येक वेळी तिचं उत्तर वेगळं हवं.

आता कागदपत्रांबद्दल, कारण तुमच्या गोष्टीत घड्याळ नाही. तो 'कधीतरी परत येईन' म्हणतो आणि कधीतरी येतो. खऱ्या आयुष्यात मंदारला मुदत होती. एच-वन-बी तीन-तीन करून सहा वर्षांचा, २००० ला गेला तर २००६ ला संपणार, त्याच्या आत ग्रीन कार्डाची फाईल हलली पाहिजे नाहीतर परत. तेव्हाच्या पोरांना आणखी एक गोष्ट तोंडपाठ होती, की लग्न करायचं तर ग्रीन कार्ड हातात पडायच्या आत करा, आधी कार्ड आलं आणि मग लग्न केलं तर बायकोला तिकडे न्यायला काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे 'अजून थोडं थांबू, बघू' हे वाक्य २००५ मध्ये बोलणं त्याला परवडत नव्हतं. त्याला तिच्याकडून हो किंवा नाही पाहिजे, महिन्याभरात. आणि तिने हो म्हटलं तर? ती जाणार एच-फोर वर, डिपेंडंट म्हणून, नोकरी करायची परवानगी नाही. त्यातल्या काही बायकांना ती मिळायला लागली २०१५ मध्ये. जी बाई सांगलीत चार कामगारांचा छापखाना चालवते, उधारीवाल्यांना दमात घेते, ती तिकडे अपार्टमेंटमध्ये बसून नवऱ्याची वाट बघणार. तुमच्या नायिकेचा खरा पेच हा आहे. 'तो माझ्यावर प्रेम करतो का' हा प्रश्न तोपर्यंत मागे पडलेला असायला हवा.

आपल्याकडे गेलेल्याची वाट बघणाऱ्या बाईची परंपरा फार जुनी आहे. गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, अशी एक बाई आहे जी नवरा गेल्याच्या दिवशीच 'आज गेला, आज गेला' म्हणत भिंतीवर रेघा ओढायला लागते आणि अर्ध्या दिवसातच भिंत भरून टाकते. मला ती गाथा अतिशय आवडते. पण त्या बाईला वाट बघण्याशिवाय दुसरं काही करायला दिलेलं नाही, आणि रेवाला आहे. तिच्याकडे रेघा ओढायला वेळ नाही, तिला उद्या सकाळी सातशे पत्रिका द्यायच्यायत. तुमच्या दुसऱ्या भागात रेवा फोनच्या आसपासच राहते. तिला कामाला लावा, आणि वाट बघणं कामाच्या मधे मधे येऊ दे.

दृष्टिकोनाचंही बदला. सध्या एक प्रकरण इकडे, एक तिकडे असं चाललंय, त्यामुळे वाचकाला दोन्हीकडचं सगळं माहीत, लपवलेलं काही उरतच नाही. मी तो गेल्यापासून फक्त रेवाकडे राहीन. त्याची खोली, त्याचे रूममेट, त्याची ती ऑफिसातली मैत्रीण, सगळं ती ऐकते आणि कल्पना करते तेवढंच आपल्याला. आणि खूप उशिरा, दोन-तृतीयांश झाल्यावर, एकच लांब प्रकरण मंदारचं, २००१ च्या हिवाळ्यात मागे जाऊन, नोकरी गेल्यानंतरचे ते महिने. वाचकाने आधी ऐकलेले तेच फोन आता दुसऱ्या टोकाने.

आणि पूर. २००५ चा पूर तुमच्याकडे एका परिच्छेदात आहे! सांगलीच्या कादंबरीत, नदीकाठच्या गावभागातल्या कादंबरीत! आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं हे तो तिकडून नेटवर बघत बसलाय, प्रत्येक फुटाला कुठल्या बोळात पाणी शिरतं हे त्याला पाठ आहे, आणि फोन लागत नाही. ती इकडे कागदाची रिमं डोक्यावरून वरच्या माळ्यावर नेतेय, त्याच्या आईला, त्याच काकूंना, हाताला धरून बाहेर काढतेय. त्या दिवशी त्याला न सांगता सगळं कळतंय आणि त्याचा काही उपयोग नाही. लहानपणी पेरलेलं सगळं इथे उगवतं. पूर ओसरल्यावर ओल्या भिंतींच्या त्या घरात काकू रेवाला काय म्हणतात, किंवा म्हणत नाहीत, हे कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान होऊ शकतं. निदान पंचवीस पानं द्या याला.

शेवट. विमानतळावर संपवू नका. तिथे मिठी मारली की वाचक डोळे पुसतो आणि दोन दिवसांत विसरतो. परत आलेला मंदार आणि फोनवरचा मंदार ही दोन माणसं आहेत आणि रेवा प्रेमात पडलीये ती फोनवरच्या. समोर बसलेला हा माणूस मिनरल वॉटर मागतो, मधेमधे गप्प होतो, जाडसर झालाय. आवाज ओळखीचा, बाकी सगळं परत शिकायचं. सहा वर्षं सगळं सांगत राहायची सवय लागली, आता एका खोलीत काही न सांगता बसता येतं का? मला ते आठ-दहा दिवस वाचायचेत. तो राहणार की ती जाणार हे त्या दिवसांत ठरू दे, आणि ठरताना छापखान्याचा हिशोबही टेबलावर असू दे, कर्ज किती, ऑफसेट मशीन घ्यायचं की नाही. तुम्ही तिला पाठवलंत तर मी भांडणार नाही, पण काय सोडून जातेय ते नाव घेऊन लिहा.

कामाचा क्रम सांगायचा तर सुरुवातीपासून लिहायला बसू नका. आधी पुराचं प्रकरण लिहा, मग भाऊबीजेचं, मग मंदारचं ते एक लांब प्रकरण. ही तीन उभी राहिली की पहिल्या भागातलं काय ठेवायचं ते तुम्हालाच दिसेल, माझ्या अंदाजाने एकशेचाळीसची सत्तर-ऐंशी पानं होतील. दुसऱ्या भागातले सगळे फोन एका कागदावर उतरवा, तारीख, इकडची वेळ, तिकडची वेळ, फोन कुणी केला, जवळ कोण होतं, कोण काय लपवतंय. शेवटचा रकाना रिकामा राहिलेले फोन काढून टाका आणि मग मला पाठवा.